रेल्वेमंत्री साहेब, आधी मावशींचा पगार द्या, पेनल्टीचं नंतर बघा

मा. रेल्वेमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पुणे-लोणावळा लोकलचा पासवाला, सतरा वर्षं याच लाईनला ये-जा करतोय. आमच्या स्टेशनवर झाडलोट करणाऱ्या मावशींचा तीन महिन्यांचा पगार अडकलाय, त्यासाठी लिहितोय. शहरातलंच स्टेशन आहे, नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव टाकलं की उद्या सकाळी सुपरवायझर म्हणणार मावशी तुमचं ओळखपत्र जमा करा आणि घरी जा, तेवढी अक्कल आता आम्हाला आलीये.

भांडण खरं तर मावशींचं नाहीच. प्लॅटफॉर्म घाण दिसला म्हणून रेल्वेच्या ऑफिसने सफाईच्या ठेकेदाराला पेनल्टी लावली, ठेकेदार म्हणतो पेनल्टी चुकीची, त्यात बिल अडकलं आणि बिल निघत नाही तोवर पगार नाही असं त्याने सांगून टाकलं. मधल्यामधे अकरा बायका. ऑफिसात विचारलं तर म्हणे त्या आमच्या स्टाफ नाहीत, ठेकेदाराशी बोला. ठेकेदाराला फोन केला तर म्हणतो आधी माझं बिल सोडायला सांगा. मग मी राज्याच्या कामगार ऑफिसात गेलो, तिथले साहेब चांगले होते, बसवलं, चहा पाजला, आणि रेल्वे म्हणजे केंद्राचं काम, आमच्या हातात नाही म्हणून परत पाठवलं. माझी हाफ डे गेली ती गेलीच.

परवा एका मावशीने मोबाईल पुढे केला, दादा हे काय आलंय वाचून सांग म्हणाली. मराठी फडाफडा वाचते ती, बँकेचे मेसेज इंग्रजीत असतात म्हणून माझ्याकडे. पगार जमा झाल्याचा शेवटचा मेसेज शोधायला बोट किती वेळ वर सरकवत होतो, आणि मधे सगळे बचत गटाच्या लोनचा हप्ता परत गेल्याचे, आणि प्रत्येक वेळी हप्ता परत गेला म्हणून बँकेने वर दंड कापलेला. म्हणजे पेनल्टी ठेकेदाराला लागली ती लागली, इकडे मावशीला पण लागतेय.

बरं दर काय कमी आहे असं नाही. केंद्राने 1 ऑक्टोबर 2024 पासून 'ए' विभागात, म्हणजे मोठ्या शहरांत, सफाईच्या कामाला दिवसाला कमीत कमी 783 रुपये ठरवले होते, त्या दराने 26 दिवसांचे 20,358 व्हायचे, आणि पुणे 'ए' मधेच येतं. खात्यात साधारण तेवढे यायचे पण, पीएफ वगैरे कापून. मग सुपरवायझर त्यातले काही रोख परत मागायचा. ते वेगळंच प्रकरण आहे, त्यावर स्वतंत्र पत्र लिहीन, आज राहू दे.

आजचा मुद्दा एवढाच की ठेकेदाराने पगार नाही दिला तर मूळ मालकाने, म्हणजे ज्याचं काम आहे त्याने, द्यायचा आणि नंतर ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात कलम 21 मधे स्वच्छ लिहिलं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे कामगार कायदे, म्हणजे कोड, लागू झाले, त्यातल्या 2020 च्या सुरक्षा-आरोग्याच्या कोडमधे कलम 55 ला पुन्हा तेच आहे, वर ठेकेदाराच्या डिपॉझिटमधून पगार द्यायला लावायची पण सोय आहे. म्हणजे आमच्या स्टाफ नाहीत हे उत्तरच बसत नाही, पगाराची वेळ आली की मूळ मालक रेल्वेच. आणि अडवलेलं बिल, डिपॉझिट, सगळा पैसा तुमच्याच कपाटात पडलाय, खिशातून काही घालायचं नाहीये! तुमच्या रेल्वेने 2018 ला श्रमिक कल्याण पोर्टल पण काढलं, ठेकेदाराने कुणाला किती दिले ते तिथे भरायचं असतं. हे तीन महिने तिथे कोरे आहेत की भरलेत ते कुणीतरी उघडून बघा, भरलेले निघाले तर अजूनच मजा.

माझे वडील दौंडला लोकोशेडमधे होते. 1974 च्या मे महिन्यात संप झाला तेव्हा वीस दिवस देशभर गाड्यांचे हाल झाले, आमच्या घरात त्या महिन्याच्या उधारीच्या गोष्टी अजून निघतात. पण ते पर्मनंट होते, मागे युनियन होती, दिल्लीला त्यांची दखल घ्यावी लागली. अकरा मावशींनी झाडू खाली ठेवला तर 7 ची लोकल 7 लाच सुटणार, आम्ही पासवाले नाकाला रुमाल लावून चढणार आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदार नवीन अकरा बायका आणणार. त्यांना हे पक्कं माहितीये, म्हणून तीन महिने बिनपगारी झाडतायत.

तर साहेब, थकलेला पगार आधी खात्यात टाकायला सांगा, आठ दिवसांत होण्यासारखं काम आहे. पेनल्टीचं तुम्ही आणि ठेकेदार सावकाश भांडत बसा. फक्त ते भांडण ऐकणाऱ्याने स्टेशनवरचं हजेरीचं मस्टर मागवून घ्यावं. सगळ्यात मोठी पेनल्टी 14 तारखेची आहे, आणि 14 तारखेच्या पानाच्या मागे मावशीच्या अक्षरात पेनने लिहिलंय, 'टाकीला सकाळपासून पाणी नाही, साहेबांना दोनदा सांगितले.'

आपला,
एक पासवाला, पुणे