बैठक साडेसहाला, लोकल सहा-बाराची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ मेच्या कामगार मेळाव्याचे छायाचित्र आपल्या अंकात पाहिले. व्यासपीठावर एकच बाई होती, हातात हारांचे तबक घेऊन. खाली पुढाऱ्यांची खंत: महिला युनियनमध्ये रस घेत नाहीत. वाचून राहवले नाही.

फोर्टमधल्या एका कचेरीत मी एकतीस वर्षे कारकुनी केली. युनियनची वर्गणी पगारातूनच कापली जाई, त्यामुळे सभासद आम्ही सगळ्याच. पण बैठक साडेसहाला आणि माझी ठाणे लोकल सहा-बाराची. ती चुकली की मुलुंडच्या पाळणाघरात लेक चपला घालून दारात बसलेली असायची. बैठक जेवणाच्या सुट्टीत घ्या म्हटले, तर सरचिटणीस हसले, "मॅडम, हे हळदीकुंकू नाही." पुढच्या वर्षी मला 'महिला प्रतिनिधी' म्हणून कार्यकारिणीत घेतले. कामगिरी काय, तर चहा-बिस्किटे पुरतात की नाही ते पाहणे!

माझी आई लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. युनियनची पावती ती घडी घालून रेशनकार्डात ठेवायची. रस नसता तर ठेवली असती का? १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी या बायकांना लढ्यात उतरवले. पुढे नवी यंत्रे आली, बायकांना रात्रपाळीची कायद्याने बंदी, बाळंतपणाच्या रजेचा खर्च मालकांना नको. बायका कमी होत गेल्या आणि १९८२च्या संपापर्यंत त्या मूठभर उरल्या. बहुतेक युनियनना त्याचे फारसे वाटले नाही, कारण कामगार म्हणजे घर चालवणारा पुरुष, हे त्यांनीही धरूनच ठेवले होते.

राज्यातल्या अंगणवाडी सेविका डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या, त्या नवे वर्ष उजाडले तरी मागे हटल्या नाहीत. त्यांना पगार नाही, 'मानधन' मिळते. तरी आझाद मैदानात त्यांचे मोर्चे येतात तेव्हा उभे राहायला जागा नसते. तिथे पावती फाडायला कुणाला मिनतवारी करावी लागत नाही.

तेव्हा पुढाऱ्यांनी आधी बैठकीची वेळ बदलावी. आणि बाईला एखादे पद द्यायचेच असेल तर खजिनदाराचे द्यावे. वीस जणींच्या भिशीचा हिशेब आम्ही लेडीज डब्यात उभ्याने ठेवत आलो आहोत.

– एक निवृत्त कारकून, मुलुंड, मुंबई