दोरी जळू दिलीस, त्याबद्दल

प्रिय दुसऱ्या मजल्यावरच्या मुला,

नाव लिहीत नाही. लिहिलं तर लाजून चार दिवस माझा फोन उचलणार नाहीस. समोरासमोर आभार मानायला गेले की "त्यात काय काकू" म्हणत जिना उतरायला लागतोस, म्हणून हे असं चारचौघांत.

गेल्या पावसाळ्यात माझा घोटा मोडला आणि सहा आठवडे प्लास्टर पडलं. आमचा चौघींचा मेंढीकोटचा अड्डा बावीस वर्षांचा. पहिल्या आठवड्यात तिघी केळी घेऊन आल्या, दुसऱ्या आठवड्यात फोन आला आणि तिसऱ्यात त्यांना चौथी मिळाली. राग नाही, असं मी सगळ्यांना सांगते. आहे.

मुलानं टॅबवर हार्थस्टोन टाकून दिलं. "पत्त्यांचाच खेळ आहे, आई." पत्त्यांचा म्हटल्यावर मी आधी हुकूम शोधला. इथं हुकूम नाही, उतारी नाही, इस्पिक-बदाम नाहीत. 30 पत्त्यांचा कॅट ज्याचा त्यानं बांधायचा, आणि समोरच्याचे 30 प्राण शून्यावर आणायचे. पत्त्यांवर बारीक अक्षरात इंग्रजी. हा खेळ कोरियन, पोलिश, थाई अशा कितीतरी भाषांत आहे. मराठीत नाही आणि हिंदीतही नाही.

मग भाचा आला. "दे इकडे, मावशी" म्हणून टॅब ओढून घेतला, दहा मिनिटं स्वतःच खेळला आणि "कळलं ना?" म्हणाला. जाता जाता मला बक्षीस मिळालेला एक लेजंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, पत्ता "तुला काय कामाचा" म्हणून मोडीत काढला. मोडल्यावर 400 डस्ट, म्हणजे पत्ते घडवायचा चुरा, हातात, तोच पत्ता पुन्हा घडवायचा तर 1600. सराफसुद्धा इतकी घट धरत नाही रे! नंतर पैसे घेऊन ऑनलाइन शिकवणारा एक जण गाठला. तासभर तो "टेम्पो", "व्हॅल्यू" करत होता आणि मी मान हलवत होते.

तू आलास तो आईनं दिलेला खिचडीचा डबा घेऊन. मी हरत होते. तू काही न बोलता समोरच्या खुर्चीत बसलास, हात मांडीखाली दाबून. टॅबला बोट लावलं नाहीस. दोन डाव हरल्यावर मीच विचारलं, "माझं काय चुकतंय?" तेव्हा म्हणालास, "काकू, तुम्ही मॅना शिलकीत टाकताय."

टाकतच होते. आयुष्यभर उरलेलं उद्याला ठेवलंय. तू म्हणालास, पत्ता टाकायचा तर मॅना मोजावा लागतो, तो नळाचं पाणी समजा आणि घरात हंडा नाही असं समजा. पहिल्या पाळीला एक, दुसरीला दोन, असं दहापर्यंत वाढत जातं. पण आज वापरलं नाही तर आजचं गटारात. त्या एका वाक्यानंतर माझं निम्मं हरणं थांबलं. बाकीचंही तसंच शिकवलंस. पटावर आलेला गडी पहिल्या दिवशी चहा पितो, कामाला उद्यापासून लागतो. टॉन्टवाला म्हणजे दारात बसलेला कुत्रा, त्याला ओलांडून घरात शिरता येत नाही. डेथरॅटल म्हणजे जाता जाता चिमटा काढणारी माणसं. ती आपल्या इमारतीत कोण कोण, यावर आपण पंधरा मिनिटं घालवली होती. आणि तो 'चिलविंड येती' नावाचा पत्ता! चार मॅनाचा, मारतो चार, सोसतो पाच. ना बोलणं, ना नखरा. माझा सगळ्यात लाडका.

पण आभार या शिकवण्याचे नाहीत. आभार दोरीचे आहेत.

एका पाळीला 75 सेकंद मिळतात. वेळ संपत आली की पटाच्या मधोमध दोरी पेटते आणि सरसर जळत जाते. ती पेटली की माझ्या हातापायातलं बळ जायचं आणि भलताच पत्ता पडायचा. तू समोर बसून तुझ्या फोनवरून माझ्याशी खेळायचास, आणि कितीतरी वेळा तुझी पाळी असताना एक पत्ता टाकून नुसता बसून राहायचास. दोरी पेटायची, जळून संपायची, तेव्हा कुठं माझी पाळी. मी तर एकदा ओरडलेसुद्धा, "अरे खेळ ना, झोपलास का?" तू "हो हो" म्हणालास.

भाच्यानं एकदा पाहिलं आणि कुजबुजला, "मावशी, हा मुद्दाम दोरी जाळतोय. याला माज म्हणतात." खेळणाऱ्यांत तसंच आहे म्हणे, हरणाऱ्याला टांगून ठेवायचं, त्याचा अंत पाहायचा. मला वाईट वाटलं. मग मी नीट लक्ष ठेवलं. पटावर सगळे ओळखीचे पत्ते असले की तू भराभर खेळायचास. नवा पत्ता पडला, की मी बोट दाबून तो मोठा करायची, ओठ हलवत वाचायची, आणि तेवढ्या वेळापुरतीच तुझी दोरी जळायची.

विचारलं तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणालास, "तुमचं वाचून होत नव्हतं."

माझी 75 सेकंदं पुरत नव्हती, म्हणून तू तुझी दिलीस, आणि मला कळू न देता. "सावकाश वाचा हं काकू" म्हणाला असतास तर मी चष्मा पुसून टॅब बंद केला असता. एटीएमसमोर आकडे दाबताना मागून "च्च" करणारी माणसं मी रोज ऐकते. माझी घाई माझ्या नकळत काढून घेणारा साठाव्या वर्षी पहिल्यांदा भेटला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; माझा गेला बाबा.

प्लास्टर निघाल्यावर त्या तिघी आल्या. एकीनं टॅब बघून "पोरखेळ" म्हटलं. मी सांगितलं, 2018च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भुजच्या तीर्थ मेहतानं याच खेळात कांस्य आणलंय. प्रदर्शनीय खेळ होता, पदकतालिकेत धरला नाही, हे सांगितलं नाही. मेंढीकोटला पुन्हा जाते. त्यांच्या चौथीला काढा असं मी म्हटलं नाही, आलटून पालटून बसतो.

तू हैदराबादला गेलास त्याला दोन महिने झाले. रात्री कधी तुझ्या नावापुढं हिरवा ठिपका दिसतो, पण दमून आला असशील म्हणून मी डाव मागत नाही. तू माग. आता मी पुष्कळसे पत्ते न वाचता ओळखते, तेव्हा दोरीबिरी जाळू नकोस, सरळ खेळ.

आणि खिचडीचा तो डबा अजून माझ्याकडेच आहे. आईकडे रिकामा कसा देऊ, म्हणून राहिलाय. दिवाळीला आलास की ने, चकल्या भरून ठेवते.

तुझी,
तळमजल्यावरची काकू