मनूचे विषय कसे निवडायचे: आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

हे सगळं फोनवर सांगून झालं नसतं. बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यात आई मध्येच बोलते, म्हणून सरळ लिहायला बसले. दादाचा फोन तुम्हालाही येऊन गेला असेल. मनूच्या बी.एस्सी.च्या ॲडमिशनचं तुम्हीच बघा, मी दुबईत बसून काय बघणार, असं तो म्हणतो. खरं आहे त्याचं. मनू राहते तुमच्याकडे, कॉलेज सांगलीतलं आणि फॉर्मवर पालकाची सही बाबांचीच पडणार. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पत्र मनूलाही वाचायला द्या.

मेडिकलची नीट परीक्षा परत द्यायची का, हा विषय माझ्या लेखी संपला. तिला द्यायची नाही. मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत म्हणून घरात एक डॉक्टर हवाच, असं थोडंच आहे? बायोकेमिस्ट्री, म्हणजे जीवरसायनशास्त्र, तिने स्वतःहून निवडली आहे, उरलीसुरली जागा म्हणून नाही, एवढं मी तिच्याशी बोलून पक्कं केलंय.

आई, तू विचारलंस की ही पोरगी नेमकं शिकणार काय. तुझ्याच साखरेच्या तपासणीवरून सांगते. उपाशीपोटी तुझं रक्त घेतात ते करड्या टोपणाच्या नळीत भरतात, लक्षात असेल. त्या नळीच्या तळाशी सोडियम फ्लोराइडची पूड असते. रक्त अंगातून बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत ठेवलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. फ्लोराइड त्या पेशींमधलं एनोलेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम झटपट उरकणारं प्रथिन, बंद पाडतं, म्हणजे साखर खाण्याची साखळीच तुटते. तेही एका क्षणात होत नाही, पहिला तासभर साखर उतरतच राहते. म्हणून नळी लॅबला लवकर पोचलेली बरी. पुढे त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं दुसरं एन्झाइम घालतात. ते साखरेवर काम करतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मग तिसरं एन्झाइम, पेरॉक्सिडेज, त्या पेरॉक्साइडच्या जोरावर गुलाबी रंग तयार करतं. रंग जितका गडद तितकी साखर जास्त. ५०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात तो रंग मोजायचा, ठरावीक साखरेच्या द्रावणाशी ताडून बघायचा आणि तुझ्या कागदावर आकडा छापायचा. मनूला हे प्रॅक्टिकल कधी ना कधी करावं लागणारच. तेव्हा तुझ्याकडे बोट पुढे कर म्हणत आली तर ओरडू नकोस.

आता ह्यात जीवशास्त्र किती आलं आणि रसायनशास्त्र किती, तुम्हीच बघा. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. पदवीवर नाव बायोकेमिस्ट्रीचं असलं तरी ती उभी राहते रसायनशास्त्रावर आणि थोड्या गणितावर. त्यामुळे मेजरइतकीच, म्हणजे मुख्य विषयाइतकीच, काळजी बाजूच्या विषयांची घ्यायला हवी. आणि पोरं नेमके तेच विषय डोळे झाकून भरतात.

नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी तीन विषय सारख्याच वजनाने घ्यायचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर म्हणजे दुय्यम होतो आणि तिसरा सुटतो. म्हणजे फॉर्मवर जे तीन विषय लिहाल त्यांच्याबाहेर पुढे सहसा जाता येत नाही. मनूच्या मैत्रिणी बायोकेमिस्ट्रीबरोबर बॉटनी आणि झूऑलॉजी घेतायत. आकृत्या काढल्या की मार्क पडतात म्हणे. पडत असतील. पण तिच्या तिनात केमिस्ट्री पाहिजेच, आणि दुसऱ्या वर्षी मायनरही तोच. तिसरा विषय मायक्रोबायोलॉजी चालेल, झूऑलॉजीही चालेल, त्यावर मी वाद घालणार नाही. एखाद्या कॉलेजात बायोकेमिस्ट्रीबरोबर केमिस्ट्री देतच नसतील, तर ते कॉलेज घरापासून कितीही जवळ असो, मी ते यादीतून काढीन.

बाबांना वाटेल, बेबी तिच्या लॅबमधल्या नोकरीमुळे केमिस्ट्रीची बाजू घेतेय. तर कमला सोहोनींचं उदाहरण घ्या. १९३३ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली, ती मुख्य विषय रसायनशास्त्र आणि जोडीला भौतिकशास्त्र घेऊन. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बाई म्हणून सी. व्ही. रामन त्यांना घ्यायलाच तयार नव्हते. त्या हटल्या नाहीत, अटी घालून का होईना प्रवेश मिळवला. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम सी वर काम करून १९३९ मध्ये पीएच.डी. घेतली. विज्ञानात ती घेणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय बायकांपैकी त्या एक. आयुष्यभर काम केलं ते बायोकेमिस्ट्रीत, नीरेपासून कडधान्यांपर्यंत. पाया मात्र आधी रसायनाचा घातला होता.

आता गणित. बारावीला मनूने गणित सोडून दिलं होतं, आणि खरी अडचण इथेच आहे. एन्झाइम शिकायला लागली की पहिल्याच महिन्यात तिच्यासमोर एक समीकरण येणार. बाबा, ते तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. मार्केट यार्डात पेढीसमोर दहा हमाल उभे आहेत. हळदीची पोती थोडी आली तर निम्मे हमाल रिकामे. पोती वाढतील तसा उतरवण्याचा वेग वाढत जातो. पण दहाही जणांच्या पाठीवर पोतं चढलं की संपलं. मग बाहेर गाड्यांची रांग पार मिरज रोडपर्यंत लागू दे, तासाला उतरायची तेवढीच पोती उतरणार. एन्झाइमचं काम असंच चालतं. मिकेलिस आणि मेंटेन ह्या दोघांनी १९१३ साली त्याचा हिशोब मांडला. कमाल वेगाच्या बरोबर निम्मा वेग पदार्थाच्या ज्या प्रमाणाला मिळतो, तो आकडा काढायचा. एन्झाइम त्या पदार्थाला किती चटकन धरतं, याचा अंदाज त्यावरून येतो. परीक्षेत ह्याचा आलेख काढायला लावतात, तो उलटा करून सरळ रेषेत आणायला लावतात, रेषेचा चढ विचारतात. सामूचं, म्हणजे पीएचचं, सगळं गणित लॉगॅरिदमवर. ज्याला लॉग येत नाही तो बफरच्या, म्हणजे सामू सहसा बदलू न देणाऱ्या द्रावणांच्या, धड्यात नुसती सूत्रं पाठ करतो आणि प्रॅक्टिकलला उघडा पडतो.

आमच्याकडे लॅबमध्ये नव्या मुलांच्या मुलाखती असतात तेव्हा मी एक प्रश्न हमखास विचारते. मिठाचं ०.१ मोलर द्रावण पाचशे मिलीलिटर करायचंय, किती मीठ तोलाल? मिठाचा रेणुभार ५८.४४, तो मी सांगूनच टाकते. नुसतं त्रैराशिक आहे, २.९२ ग्रॅम. डीएनए आणि जीन एडिटिंगवर भरभरून बोललेली मुलं इथे मोबाइल शोधायला लागतात. आणि ज्याला उत्तर येतं त्यालाही पुढचं विचारते: पाणी आधी पाचशे मिली घ्याल का? नाही, मीठ थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि मग पाचशेच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. एवढ्या साध्या गोष्टीवर माणूस लॅबमध्ये उभा राहिलाय की नाही ते कळतं.

म्हणून कॉलेज सुरू व्हायच्या आधीचे हे दिवस बाबांनी मनूला द्यावेत अशी माझी विनंती आहे. घातांक, लॉग, टक्केवारी, गुणोत्तर, आलेख. रोज तासभर पुरे. पेढीवर तीस वर्षं तोंडी हिशोब केलेल्या माणसाला क्लासवाला कशाला हवा? थोडं डिफरन्सिएशन लागेल ते मी रविवारी व्हिडिओ कॉलवर घेईन. शिवाय ओपन इलेक्टिव्ह नावाचा प्रकार असतो, तो दुसऱ्या शाखेतला घ्यावा लागतो. तिथे सगळी गर्दी सोप्या विषयाकडे पळते. कॉमर्सवाल्यांकडे सांख्यिकी असली तर तिने ती घ्यावी. सरासरी, प्रमाण विचलन, नमुना किती मोठा हवा, हे तिला शेवटच्या वर्षीच्या प्रोजेक्टपर्यंत पुरेल.

क्रम कसा हवा तेही सांगते, म्हणजे तिचं टाइमटेबल बघून तुम्हाला अंदाज येईल. पहिल्या वर्षी सेंद्रिय रसायन आणि पेशी. त्यात हयगय झाली तर दुसऱ्या वर्षीचं मेटाबोलिझम (शरीरात अन्नाचं काय काय होतं ती रासायनिक साखळी) म्हणजे नुसतं पाठांतर उरतं. क्रेब्ज सायकल, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या पायऱ्यांचं चक्र, घोकून पास होणारे पुष्कळ आहेत, पण कुठल्या पायरीला कार्बन का निघून गेला हे विचारलं की गप्प. एन्झाइम आणि मेटाबोलिझम दुसऱ्या वर्षी, जनुकं, इम्युनॉलॉजी आणि रुग्णालयाशी संबंधित भाग तिसऱ्या वर्षी, असंच साधारण असतं. ह्याखेरीज दोन-दोन क्रेडिटचे बरेच छोटे विषय येतील. त्यांची जर्नलं वेळेवर द्यायची, मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. कॉलेजात नसलेला चांगला विषय सरकारच्या स्वयम ह्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून करता येतो; सेमिस्टरमधले चाळीस टक्क्यांपर्यंतचे कोर्स तिथून घ्यायला यूजीसीची परवानगी आहे, पण कॉलेज ते क्रेडिट धरतं का, हे आधी विचारायचं.

आई, तुझ्यासाठी एक हिशोब. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, पण तेच प्रॅक्टिकलचं असेल तर ३० तास. तीन वर्षांचे १२० ते १३२ क्रेडिट होतात. त्यामुळे पोरगी पाच वाजून गेले तरी आली नाही म्हणून दारात उभी राहू नकोस, ती टेस्ट ट्यूब धूत असेल. डबा मात्र दोन वेळचा दे.

फील्ड प्रोजेक्ट करायला लावतात तेव्हा तिने हळद घ्यावी, असं माझ्या मनात आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाबा हळकुंड मोडून आतल्या रंगावरून माल सांगायचे. आता घेणारा करक्युमिनची, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याची, टक्केवारी विचारतो. अल्कोहोलात हळदीचा अर्क काढायचा आणि ४२५ नॅनोमीटरच्या आसपास किती प्रकाश शोषला जातो ते मोजायचं, एवढ्यावर ती टक्केवारी काढता येते. कॉलेजच्या साध्या उपकरणावर होणारं काम आहे. हरिपूरच्या पेवात ठेवलेली हळद आणि कोल्ड स्टोरेजमधली हळद ह्यांत काही फरक पडतो का, एवढा एकच प्रश्न घेतला तरी प्रोजेक्ट उभा राहतो. माल कुठून मिळवायचा हे बाबांना सांगायला नको. आणि बाबांनी आधी नजरेने अंदाज लिहून ठेवावा, मग मशिनचा आकडा बघू. मला तर ह्याचीच जास्त उत्सुकता आहे.

नोकरीचं थोडक्यात सांगते. बी.एस्सी. झाल्यावर पॅथॉलॉजी लॅब टाकता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. रिपोर्टवर सही डॉक्टरची लागते आणि टेक्निशियनला डी.एम.एल.टी.सारखा वेगळा कोर्स असतो. औषध कंपन्या, डेअऱ्या, साखर कारखाने ह्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये जागा असतात, सुरुवातीचा पगार बेताचा. खरा उपयोग एम.एस्सी. नंतर. चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं की तीन वर्षांवर बाहेर पडून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जायचं, हे आत्ता ठरवायची गरज नाही. पुढच्या परीक्षांचं मात्र आत्ताच माहीत असू दे: एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटीची जॅम परीक्षा असते, तिच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बारावीच्या पातळीचं गणित आणि भौतिकशास्त्र येतं, आणि गेट ह्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या लाइफ सायन्सेसच्या पेपरात केमिस्ट्री सक्तीची आहे. मी केमिस्ट्री-केमिस्ट्री का करतेय ते आता कळलं असेल.

बाबा, फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात स्वतः जाऊन या. ऑफिसच्या खिडकीवर विचारू नका, डिपार्टमेंटमध्ये जा. केमिस्ट्री मायनर मिळतो का, प्रॅक्टिकलची बॅच केवढी असते, स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजायचं मशिन, मुलांच्या हातात देतात की सर दाखवतात आणि मुलं आकडे उतरवून घेतात, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नाला चाचरले तर शेजारच्या वर्गातल्या मुलांना विचारा, ती खरं सांगतील. मिळवलेले क्रेडिट जिथे जमा होतात त्या क्रेडिट बँकेचं खातं उघडताना मनूचं नाव आधारवर आणि बारावीच्या मार्कशीटवर एकसारखं आहे का ते बघा. दादाने तिच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं टाकून ठेवलंय, ते दुरुस्त करायला वेळ लागेल.

लॅब कोट हरभट रोडवर मिळेल. सुतीच घ्या, टेरिकॉटचा स्वस्त पडतो पण बर्नरपाशी तो नको. एक माप मोठा घ्या, थंडीत आतून स्वेटर घालता यायला हवा. पैसे मी बाबांच्या खात्यावर टाकलेत, मेसेज आला का बघा.

तुमची,
बेबी