गोष्ट ऐकवायची तर निवेदकाला कात्री नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ (१९०८) या प्राणिकथेच्या श्राव्य रूपांतरांविषयी लिहीत आहे. टोड या बढाईखोर बेडकाची मोटार, तुरुंग आणि धोबिणीचा वेश एवढं ठेवायचं आणि बाकीची गोष्ट छाटायची, ही त्यांतल्या अनेकांची खोट. संपूर्ण पुस्तक वाचायला साधारण साडेसहा तास लागतात. ते तास-दीड तासात कोंबायचं ठरलं की बारा प्रकरणांपैकी पाचवं, सातवं आणि नववं आधी जातं. ए. ए. मिल्न यांनी १९२९च्या नाटकात टोडला मध्यभागी आणलं, रंगमंचावर ते शोभतं. पण ही गोष्ट मुळात ग्रॅहम यांनी आपल्या मुलाला झोपताना तोंडी सांगितलेली आहे. ऐकण्याच्या माध्यमात तर सांगणाऱ्याचा आवाज हाच तिचा कणा.

पाचवं प्रकरणच पाहा. बर्फाळ संध्याकाळी मोल या बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्याला आपल्या सोडून आलेल्या घराचा वास येतो. तो हाका मारतो, पण त्याचा मित्र रॅट बराच पुढे गेलेला असतो, त्याला नीट ऐकू येत नाही. वास ऐकवता येत नाही. तो निवेदकानेच सांगायला हवा. रॅटचं अंतर मात्र ऐकवता येतं. त्यासाठी नटाने मायक्रोफोनपासून चार-पाच फूट मागे सरून, तोंड वळवून, मोठ्याने बोलायचं. नंतर संगणकावर नुसता आवाज कमी केला तर रॅट दूर गेल्यासारखा वाटत नाही, जवळच कुजबुजतोय असं वाटतं.

तिसऱ्या प्रकरणात मोल एकटा फिरतो त्या रानात तर लेखकाने ध्वनींचा क्रमच लावून दिलाय. आधी बारीक, तीक्ष्ण शीळ मागून येते, मग तीच पुढून. त्यानंतर पानं गळावीत अशी हलकी सळसळ, आणि हळूहळू तिला ताल येतो: पावलं! इथे लांडग्याचं ओरडणं आणि ढोल घातले की भीती संपते, कारण मोलची शंका वाढायला वेळच उरत नाही. सुक्या पानांवर बोटांची टोकं आपटून ही पावलं छान होतात. ती निवेदनापेक्षा निदान १२ ते १५ डेसिबल खाली ठेवावीत. नदीचा आवाज दहा सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून वापरू नये. कानाला तो जोड लगेच सापडतो.

पात्रांचे आवाज यंत्राने बारीक-जाड करणं तर पूर्ण थांबवावं. चिरक्या केलेल्या मोलची व्यंजनं पुसट होतात. खर्जात ओढलेल्या बॅजरचं (गोष्टीतल्या धिप्पाड, बिळात राहणाऱ्या प्राण्याचं) वजन फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, कारण तो खालचे सूर नीट वाजवत नाही. बॅजरला सावकाश, तुटक बोलू द्या, टोडला श्वास न घेता. (आणि रॅट म्हणजे घरातला उंदीर नव्हे, नदीकाठचा व्होल, म्हणजे उंदरासारखा दिसणारा पण वेगळा प्राणी. त्याला चीं-चीं करायला लावू नका.)

वेळ कमीच असेल तर बारा प्रकरणांचा रस काढण्याऐवजी तीन प्रकरणं अख्खी वाचावीत: पहिलं, तिसरं, पाचवं. निर्मात्यांनी संक्षिप्त आवृत्तीवर कोणती प्रकरणं गाळली ते स्पष्ट छापावं. आज बहुधा ‘संक्षिप्त’ एवढाच शब्द असतो, आणि पाचवं प्रकरण आपल्या मुलाने ऐकलंच नाही हे पालकांना कळतही नाही.

आपला,
एक वाचक