मसुदा न दाखवता नाव कसे गाळता?

मा. संपादक,
स. न.

शोधनिबंधांवरची नावे आणि पदोन्नती याविषयी आपल्या दैनिकात नुकतेच छापून आले. त्यात प्राध्यापकांची बाजू होती, निवासी डॉक्टरांचीही होती. नमुने हाताळणाऱ्यांविषयी मात्र एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात २९ वर्षे तंत्रज्ञ होते.

क्षयाचे जंतू वाढवायला एलजे मीडिया, म्हणजे जंतूंचे खाद्य, लागतो आणि तो अंड्यांपासून करतात. ताजी अंडी साबणाच्या पाण्याने घासायची, स्पिरिटने पुसायची, फोडून फेटून गाळायची, मॅलाकाइट ग्रीन घालून छोट्या बाटल्यांत भरायची आणि बाटल्या तिरप्या ठेवून ८५ अंशांवर घट्ट करायच्या. त्यावर थुंकीचा नमुना लावला की दर आठवड्याला बाटली उजेडाकडे धरून पाहायची, असे ८ आठवडे. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत, फिकट पिवळट वाढ दिसली की रजिस्टरात नोंद. एमडी करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी मी असे चारशेच्या वर नमुने लावले. एका ग्रामीण रुग्णालयाकडून आलेल्या नमुन्यांच्या बाटल्या सारख्या खराब व्हायच्या, मीडिया पातळ होऊन जायचा. सगळे म्हणाले, तिथे डबेच नीट धूत नसतील. मी रजिस्टर मागे चाळून प्रत्येक नमुन्यासमोर वार लिहिला. खराब झालेले बहुतेक नमुने शुक्रवारी घेतलेले आणि सोमवारी आमच्याकडे पोचलेले होते. एप्रिल-मे महिन्यांत तीन रात्री फ्रिजबाहेर राहिलेली थुंकी दुसरे काय करणार? मी ते डॉक्टरांना दाखवले. पुढे त्या कामावर छापलेल्या शोधनिबंधातला तिसरा तक्ता तोच झाला आणि शेवटची शिफारसही त्यावरच होती.

निबंधावर ८ नावे होती. त्यातले एक प्राध्यापक दुसऱ्या विभागाचे, त्यांची बढती अडलेली. ते आमच्या प्रयोगशाळेत त्या कामासाठी एकदाही आले नव्हते. मला आभारात ‘तांत्रिक कर्मचारी’ या दोन शब्दांत जागा मिळाली. तो विद्यार्थी भला होता, स्वतःहून येऊन म्हणाला, “ताई, मी विषय काढला होता. पण सर म्हणाले, नियमात बसत नाही, लिहिण्यात त्यांचा सहभाग नाही.”

लिहिलेले मला कोणी दाखवलेच नव्हते.

तो नियम मी नंतर मुळातून वाचला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत. कामाच्या कल्पनेत, आखणीत, माहिती जमवण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यावर चिकित्सक सुधारणा करण्यात हात हवा. अंतिम मजकुराला संमती हवी. आणि २०१३ साली आलेली चौथी अट म्हणजे सगळ्या कामाला जबाबदार राहण्याची तयारी हवी. चारही पूर्ण केल्या तरच लेखक. आमच्याकडे सगळे एवढेच सांगतात. पण त्याच मार्गदर्शिकेत पुढे स्पष्ट लिहिले आहे की, पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मसुद्यात आणि संमतीत भाग घेण्याची संधी दिली पाहिजे, आणि ती संधीच नाकारून कोणाला यादीबाहेर ठेवण्यासाठी या अटी वापरू नयेत. हे वाक्य मी विभागात एकदाही कोणाच्या तोंडून ऐकले नाही.

काम न करता घातलेल्या ‘पाहुण्या’ नावांना मात्र यातली एकही अट आडवी येत नाही. कारण उघड आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत दोनहून जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. प्रत्येकी असल्याने चौथ्यानंतर पाचवे, सहावे नाव घातले तरी कोणाच्या वाट्याचे काही कमी होत नाही. वैद्यकीय शिक्षकांसाठी २०२० च्या नियमांत नाव पहिल्या तिघांत हवे किंवा कॉरस्पाँडिंग ऑथर (नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा लेखक) म्हणून हवे, अशी अट आली, तेव्हा पहिल्या तीन जागांसाठी झालेली धुसफूस मी पाहिली आहे. तंत्रज्ञाची बढती निबंधावर अवलंबून नसते, त्यामुळे त्याच्यासाठी भांडायला कोणी उभे राहत नाही.

नमुन्याला हात लावणारा प्रत्येक जण लेखक, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ठरलेली तपासणी करून आकडा देणे हे माझे पगाराचे काम होते, आणि मी नमुने लावलेल्या बहुतेक निबंधांवर माझे नाव नाही ते योग्यच आहे. पण जिथे प्रश्न तंत्रज्ञाने काढला आणि उत्तरही त्यानेच शोधले, तिथे आभार पुरत नाहीत. १९२८ च्या ‘नेचर’मधल्या रामन परिणामावरच्या टिपणावर सी. व्ही. रामन यांच्याबरोबर त्यांचे सहकारी कृष्णन यांचेही नाव आहे. नोबेल एकट्या रामन यांना मिळाले, तरी कृष्णन यांचा वाटा आज ठामपणे सांगता येतो तो त्या छापील नावामुळे.

निवृत्तीआधी एका विद्यार्थिनीने काम सुरू होण्याआधीच मला बसवून विचारले, “ताई, यात तुम्ही काय काय करणार आणि तुमचं नाव कुठे यावं?” मसुदा तिने मला मराठीत समजावून दिला, मी दोन ठिकाणी चुका दाखवल्या. नियतकालिकाच्या परीक्षकाने खराब नमुन्यांचे प्रमाण एवढे कमी कसे, असे विचारले तेव्हा उत्तर माझ्या रजिस्टरातून गेले. त्या निबंधावर माझे नाव चौथे आहे.

आज हे त्या मुलीच्या चांगुलपणावर चालले आहे, ते नियमाने व्हावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने सिनॉप्सिससोबत (प्रबंधाच्या आराखड्यासोबत) आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीने अर्जासोबत एक पान मागावे. त्यावर कोण काय करणार, मसुदा कोणाकोणाला दाखवला जाणार आणि नावांचा क्रम काय, हे लिहून सगळ्यांच्या सह्या असाव्यात, तंत्रज्ञाचीही. कामाची विभागणी दाखवणारी १४ भूमिकांची यादी अनेक नियतकालिके वापरतात, तीच घेता येईल. पुढे काम बदलले तर पान बदलावे आणि पुन्हा सह्या घ्याव्यात. छापायला पाठवताना ते पान निबंधाला जोडावे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मराठवाडा
(नाव छापू नये, ही विनंती)