फॉरमॅट मारण्याआधी एवढे तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळीव सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बंद पडलेले संगणक दुरुस्तीला येऊ लागतात. तक्रार ठरलेली असते: रात्री कडाडलं, लाईट गेली, आली, आणि तेव्हापासून मशीन चालूच होत नाही. त्यावर ग्राहकाला बहुधा दोनच निकाल ऐकायला मिळतात. मदरबोर्ड गेला, नाहीतर फॉरमॅट मारावा लागेल. आम्ही हेच काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. तपासणी न करता दिलेला यांपैकी कोणताही निकाल मान्य करू नका.

आधी मशीन कुठे अडकते ते बघा. दिवा, पंखा काहीच चालत नाही? पंखा फिरतो पण स्क्रीन काळी राहते? की विंडोजचे चिन्ह येऊन तिथेच थांबते? फॉरमॅटचा विषय फक्त तिसऱ्या प्रकारात निघू शकतो. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचे पुसणे. स्क्रीनवर एकही अक्षर येत नसेल, तर डिस्क पुसून काय होणार?

काहीच चालत नसेल तर भिंतीवरच्या त्याच स्विचबोर्डावर टेबल लॅम्प लावून बघा. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी, तिच्या मागचा स्विच आणि पॉवर केबल तपासा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. विजेच्या धक्क्यानंतर अडून बसलेले बरेच लॅपटॉप एवढ्यावर सुरू होतात. डेस्कटॉपचा एसएमपीएस जाणकाराने मदरबोर्डपासून सोडवून तपासावा: २४ पिनी जोडातली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरीला टेकवली की तो सुरू व्हायला हवा. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठीक, हा निष्कर्ष चुकीचा आहे. पंखा १२ व्होल्टवर चालतो. ५ किंवा ३.३ व्होल्टची बाजू बसलेली असली तरी तो फिरतो. मल्टीमीटरवर १२ व्होल्टच्या जागी ११.४ पेक्षा कमी किंवा ५ च्या जागी ४.७५ पेक्षा कमी दिसले तर एसएमपीएस बदला. त्याची पेटी मात्र घरी कुणी उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, हा आपल्या दमट हवेतला नेहमीचा आजार. बहुतेक वेळा दोष रॅमच्या सोनेरी पट्टीवर चढलेल्या थराचा असतो. प्लग काढा, रॅम काढा, पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दोन्ही बाजूंच्या खटक्या बसेपर्यंत दाबून लावा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. खोडरबर चालतो, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनी जोड सैल नाही ना, तेही बघा. तारीख-वेळ वारंवार मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला. सेल संपला की बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधली) मांडणी पुसली जाऊ शकते, डिस्क वाचण्याची पद्धत बदलते आणि धडधाकट विंडोज सापडेनासे होते. याही दोषावर फॉरमॅट मारलेला आम्ही पाहतो.

मशीन सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडत असेल तर प्रोसेसरवरचा कूलर सैल झाला आहे का आणि त्याखालची उष्णता वाहणारी पेस्ट वाळली आहे का ते पाहा. नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरे. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

आता विंडोजच्या चिन्हाशी अडकणारे मशीन. चिन्ह दिसताच पॉवरचे बटण दाबून धरून बंद करा. असे लागोपाठ दोन-तीन वेळा केले की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबले की सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारे विंडोज. तिथे मशीन सुरू झाले तर शेवटचा अपडेट किंवा ड्रायव्हर काढता येतो. निळा पडदा म्हणजे मशीन मेले असे नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अडकले होते. त्यावर उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे. मात्र विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. बायोसला हात लावण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की उतरवून घ्या.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन तिथेच बंद करा. चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासण्याचे साधन चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ते एक-एक कोपरा वाचायला लावते, आणि उरलेला डेटाही हातचा जातो. आधी नक्कल, मग दुरुस्ती.

फॉरमॅट खरोखरच लागला, तर आपल्याकडे एक नुकसान वेगळे होते. डीटीपी दुकाने, पतसंस्था, मराठी शाळा यांच्याकडे लग्नपत्रिका, इतिवृत्ते, दाखले युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये पडून आहेत. त्यांत मराठी अक्षराची आकृती इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेली असते. फॉन्ट गेला की फाइल शाबूत असूनही मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. दुकानदार फोल्डर उतरवून घेतो, फॉन्ट कुणी घेत नाही. म्हणून सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधले फॉन्ट्स आजच पेनड्राइव्हवर घ्या, आणि टायपिंग सॉफ्टवेअरचा हार्डलॉक (जो संगणकाला लावल्याशिवाय ते चालत नाही) जपून ठेवा. आमच्या मते मराठी संस्थांनी हे काम बाकी साऱ्या देखभालीच्या आधी करावे. जुना मजकूर पुन्हा टाइप करायला माणूस कुठून आणणार?

बिघाड टाळायचा असेल तर अर्थिंगपासून सुरुवात करावी लागेल. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागातल्या जांभ्या जमिनीत वीज मुरायला अवघड जाते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि वळवाच्या पहिल्या कडकडाटाला नेमका निकामी असतो. एप्रिल-मेमध्ये त्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांतला दाब मोजून घ्या. तो २-३ व्होल्टच्या वर असेल तर खड्डा दुरुस्त करा. कडाडू लागले की प्लगबरोबर लॅन केबलही काढा, कारण राउटरच्या वायरीतून आलेला दाबही मदरबोर्ड जाळतो. लाईट परत आली की पाच मिनिटे थांबून मशीन लावा. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर बदल सावकाश होतो आणि संगणक मध्येच बंद पडतो. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. तापताना तो एकदम इतका भार खेचतो की छोटा यूपीएस बसतो.

मे अखेरीस शाळा उघडतील तेव्हा संगणक कक्षातली सगळी मशीन एकदम लावू नयेत. आधी दिवसभर खिडक्या उघड्या ठेवाव्यात, धूळ काढावी, मग एकेक लावावे. आणि दुरुस्तीच्या बिलावर कोणता भाग कोणत्या तपासणीत बाद झाला हे लिहून घ्यावे, काढलेला भागही मागून घ्यावा.

आपले,
संगणक दुरुस्ती करणारे काही वाचक,
बेळगाव