विषय: लुईस स्ट्रक्चरच्या सरावात बरोबर उत्तरांना चूक म्हटलं जातंय, दुरुस्त करा नाहीतर पैसे परत द्या

नमस्कार सपोर्ट टीम,

याआधी तुमच्या चॅटवर लिहिलं होतं तर उत्तर आलं की कॅशे क्लिअर करा आणि ॲप काढून पुन्हा टाका. दोन्ही केलं. नायट्रेटचं बरोबर काढलेलं लुईस स्ट्रक्चर (इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रत्येक बॉन्ड रेषेने आणि बाकीचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी आकृती) ॲप अजूनही चूकच दाखवतंय. म्हणून आता नीट सविस्तर लिहितेय, आणि एक विनंती, हे पत्र तुमच्याकडे ज्याला कुणाला केमिस्ट्री येते त्याच्यापर्यंत पोचवा, कारण प्रॉब्लेम माझ्या फोनमध्ये नाहीये, तुमच्या उत्तरं तपासण्याच्या पद्धतीत आहे.

मी केमिस्ट्री शिकवते. बॉन्डिंगचा भाग असा आहे की नुसता ऐकून येत नाही, हाताने काढून काढूनच येतो, आणि सगळ्या मुलांच्या वह्या रोज तपासणं मला एकटीला जमत नाही. तुमच्या जाहिरातीत होतं की मूल स्ट्रक्चर काढेल आणि लगेच तपासून मिळेल, म्हणून वर्षाचा प्लॅन घेतला.

सुरुवात ओझोनपासून झाली. तीन ऑक्सिजन, 18 व्हॅलन्स (सगळ्यात बाहेरच्या कक्षेतले) इलेक्ट्रॉन, मधल्या अणूला एका बाजूने डबल बॉन्ड, दुसऱ्या बाजूने सिंगल. एका मुलाने डबल बॉन्ड डावीकडे काढला, हिरवी टिक आली. शेजारच्या मुलीने उजवीकडे काढला, लाल फुली. म्हणजे तीच आकृती आरशात धरली की चूक! अहो, ही दोन्ही ओझोनची रेझोनन्स स्ट्रक्चर, म्हणजे एकाच रेणूच्या सारख्याच बरोबर आकृत्या आहेत, आणि खऱ्या रेणूत तर दोन्ही बॉन्ड सारखेच असतात, साधारण 128 पिकोमीटर, म्हणजे ऑक्सिजन वायूतल्या डबल बॉन्डपेक्षा (121) लांब आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्या सिंगलपेक्षा (147 च्या आसपास) आखूड. डावं-उजवं हा प्रश्नच येत नाही तिथे. नायट्रेटचं पण तेच, तीन ऑक्सिजनपैकी फक्त वरच्याला डबल बॉन्ड दिला तरच तुम्हाला चालतं, बाकी दोघांनी काय पाप केलंय माहीत नाही. पाण्याचा रेणू सरळ रेषेत काढला तरी फुली. लुईस स्ट्रक्चर इलेक्ट्रॉन कुठे आहेत ते सांगतं, कोन किती ते सांगत नाही, आकाराचा धडा तुमच्याच ॲपमध्ये वेगळा आहे ना.

यावरून मला जे दिसतंय ते असं की तुमचं सॉफ्टवेअर केमिस्ट्री तपासतच नाही, आत एक चित्र ठेवलंय आणि मुलाचं चित्र त्याच्याशी जुळतं का एवढंच बघतं. बरं, ते ठेवलेलं चित्र तरी बरोबर असावं. कार्बन मोनॉक्साइड उघडून बघा. तुमच्या मॉडेल उत्तरात डबल बॉन्ड आहे, ऑक्सिजनवर दोन लोन पेअर (बॉन्डमध्ये नसलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या), कार्बनवर एक. बेरीज 10 येते, मान्य, पण कार्बनभोवती मोजलेत का? सहाच आहेत. ट्रिपल बॉन्ड आणि दोघांवर एकेक लोन पेअर काढली की इलेक्ट्रॉन तेवढेच 10 आणि दोघांचा ऑक्टेट (भोवती आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, पुस्तकात हेच असतं. ते काढलं तर ॲप म्हणतं ऑक्सिजनवर पॉझिटिव्ह चार्ज येऊ शकत नाही. येतो की! ट्रिपल बॉन्डमध्ये कार्बनवर मायनस वन आणि ऑक्सिजनवर प्लस वन फॉर्मल चार्ज (बॉन्डमधले इलेक्ट्रॉन निम्मे-निम्मे वाटून मोजलेला चार्ज) येतो, विचित्र वाटतो खरा, पण मोजून पाहिलेला डायपोल (रेणूच्या दोन टोकांमधला चार्जचा फरक) छोटासा असला तरी त्यात कार्बनचीच बाजू किंचित निगेटिव्ह निघते. वर्गात हे सांगितलं की मुलं चमकतात, माझं आवडतं उदाहरण आहे ते, आणि नेमकं तेच तुम्ही चूक ठरवलंत.

आणि गंमत म्हणजे कार्बनचे सहा तुम्हाला चालले, पण बोरॉनचे सहा चालत नाहीत. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये तीन सिंगल बॉन्ड काढले की "ऑक्टेट अपूर्ण" अशी लाल पट्टी येते आणि पुढे जाताच येत नाही, जोपर्यंत एका फ्लुओरीनला डबल बॉन्ड देत नाही तोपर्यंत. म्हणजे फ्लुओरीनवर, इलेक्ट्रॉन ओढण्यात सगळ्यांच्या पुढे असलेल्या फ्लुओरीनवर, प्लस वन चार्ज घ्यायचा. मग पुढच्याच युनिटमध्ये लुईस ॲसिड (इलेक्ट्रॉनची जोडी घेणारे पदार्थ) शिकवताना तुम्हीच लिहिलंय की बोरॉनकडे सहाच इलेक्ट्रॉन असल्यामुळे तो अमोनियाकडून जोडी घेतो. मुलांनी मला विचारलं, मॅडम यातलं खरं कुठलं? दोन्ही धडे एकाच माणसाने एकदा तरी सलग वाचलेत का हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

सगळ्यात जास्त राग मात्र नायट्रिक ऑक्साइडचा आला. नायट्रोजनचे 5, ऑक्सिजनचे 6, एकूण 11. विषम आकडा, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा राहणारच. पण तुमच्या टूलबारमध्ये ठिपके फक्त जोडीने मिळतात, एकटा ठिपका द्यायची सोयच नाही, तरी प्रश्न मात्र विचारलाय. एका मुलीने बरोबर 11 मोजले होते, ॲप घेईना म्हणून तिला वाटलं आपलंच मोजणं चुकलं, तिने 12 केले आणि टिक मिळवली. आता 12 झाले की ते नायट्रिक ऑक्साइड राहत नाही, एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असलेला निगेटिव्ह आयन होतो. येत असलेलं मूल तुमच्या टिकेपायी चुकीचं शिकलं, आणि वर 100 टक्के आल्याशिवाय पुढची लेव्हल उघडत नाही असं कुलूप लावल्यामुळे मुलं आता इलेक्ट्रॉन मोजायचेच सोडून देतात, कुठलं चित्र चालतंय ते अंदाजाने शोधत बसतात.

सल्फेटबद्दल मी भांडत नाही. सगळे सिंगल बॉन्ड काढून ऑक्टेट पाळणारे आहेत, दोन डबल बॉन्ड काढून फॉर्मल चार्ज कमी करणारे आहेत, पुस्तकांमध्येही दोन्ही सापडतं. पण तुमच्या एका सराव संचात पहिलं बरोबर आणि दुसऱ्या संचात दुसरंच बरोबर, आणि कुठला नियम धरायचा ते प्रश्नात एका ओळीनेही लिहिलेलं नाही, हे कसं चालेल?

फोनवर लोन पेअर देताना बोट जरा सरकलं की बॉन्डच पडतो, आणि अनडू दाबलं तर शेवटचा ठिपका जायच्या ऐवजी अख्खा अणू जातो. हे किरकोळ आहे, निस्तरता येतं. आणि चांगलं ते चांगलं, फिरवून बघता येणारी थ्रीडी मॉडेल्स छान आहेत, मुलांना आवडतात. पण मी पैसे सरावासाठी दिले होते.

लुईसने 1916 साली ही ठिपक्यांची पद्धत मांडली, तेव्हापासून ती तपासायला बेरीज-वजाबाकी येणारा माणूस पुरतो. कोण कुणाला जोडलंय, एकूण इलेक्ट्रॉन किती, प्रत्येक अणूभोवती किती, फॉर्मल चार्ज किती, आणि जे अणू एकसारखे आहेत त्यांची अदलाबदल झाली तरी चालायला हवी, एवढंच तर बघायचंय. कॉम्प्युटरला हे जड जाऊ नये. आणि फुली मारलीत तर कशासाठी मारली ते सांगा, दोन इलेक्ट्रॉन जास्त झालेत की चार्ज राहिलाय, नुसतं "पुन्हा प्रयत्न करा" वाचून मुलाने काय समजायचं?

तर मला तुमच्याकडून हे हवंय. कार्बन मोनॉक्साइड आणि बोरॉन ट्रायफ्लुओराइडची उत्तरं लगेच बदला, एकट्या इलेक्ट्रॉनची सोय होईपर्यंत नायट्रिक ऑक्साइडचा प्रश्न काढून टाका, ओझोन आणि नायट्रेटमध्ये मुलांचे कापलेले मार्क परत द्या आणि 100 टक्क्यांचं कुलूप निदान या युनिटपुरतं काढा. हे कधीपर्यंत होईल त्याची तारीख लेखी कळवा. जमणार नसेल तर तसं सरळ सांगा आणि प्लॅनचे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. प्रत्येक प्रश्नाचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत, अकाउंटची माहिती फॉर्ममध्ये भरलेली आहे.

आणि कृपया, पुन्हा कॅशे क्लिअर करायला सांगू नका.

तुमचं ॲप वापरणारी एक केमिस्ट्री टीचर